तिकिटाची पाठ

चिंचपोकळी स्टेशनच्या पुलाखाली भाऊआजोबांचं घडीचं टेबल असायचं. टेबलाला बांधलेल्या दोन बांबूंमध्ये सुतळ्या ताणलेल्या आणि त्यांना कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेली लॉटरीची तिकिटं. वारा आला की सगळी एकदम फडफडायची. गिऱ्हाईक यायचं, तिकिटाचे रंग बघायचं, पहिल्या बक्षिसाचा ठसठशीत आकडा बघायचं, शेवटचा अंक आपल्या पसंतीचा आहे का ते चाचपायचं. भाऊआजोबा तिकीट चिमट्यातून काढायचे, उलटं करायचे आणि पाठ वर ठेवून हातात द्यायचे. म्हणायचे, ‘‘आधी पाठ वाच.’’

बहुतेक जण न वाचताच खिशात घालायचे. माझी मात्र सुटका नसे. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्यापाशी बसायचो, तेव्हा प्रत्येक नव्या सोडतीच्या तिकिटाची पाठ मला मोठ्यानं वाचून दाखवावी लागे. कितवं बक्षीस किती रुपयांचं, ते किती जणांना, मागणी कुठे करायची, किती दिवसांत करायची. फाटलेलं किंवा खाडाखोड केलेलं तिकीट चालणार नाही. ती अक्षरं मुंगीएवढी असत. वाचताना माझे डोळे दुखत, पण मधली ओळ गाळली की त्यांना कळे, कारण त्यांना ती सगळी पाठ होती.

भाऊआजोबा म्हणजे आजीचे धाकटे भाऊ. टेबल लावण्याआधी ते एका गिरणीत साचाखात्यात बदली कामगार होते. रोज भोंग्याआधी गेटावर जाऊन उभं राहायचं. कुणी खाडा केला तर पाळी मिळणार, नाहीतर घरी. नशिबावर दिवस काढणं म्हणजे काय, हे त्यांना लॉटरी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

त्यांची गोष्ट नेहमी कापसापासून सुरू व्हायची. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव उघडायचा, बंद व्हायचा, ते आकडे तारेनं मुंबईत यायचे आणि गिरणगावातली माणसं त्यांवर पैसे लावायची. कापूस पिंजणाऱ्या, कातणाऱ्या, विणणाऱ्या माणसांनी त्याच कापसाच्या आकड्यावर मजुरी लावावी, याचं भाऊआजोबांना शेवटपर्यंत वाईट वाटायचं. १९६१मध्ये ते आकडे येणं थांबलं. पण माणसांना आकड्याची सवय लागली होती. १९६२मध्ये कल्याणजी भगत यांचा आणि १९६४मध्ये रतन खत्रींचा मटका सुरू झाला. आता कापूसही नको, गंजिफ्यातली पानं पुरत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मात्र जुन्या बाजारातून तसेच राहिले. भाऊआजोबा सांगायचे की पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात एका बाजूला सावकार पठाण उभा, दुसऱ्या बाजूला आकडा घेणारा पोरगा. घरची बाई तिसरीकडे. तिच्यापर्यंत किती पोचायचं, ते आधीचे दोघे ठरवायचे.

१९६९च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारनं स्वतःची लॉटरी काढली, तेव्हा त्यामागचं कारणही तेच सांगितलं गेलं की लोकांनी मटका आणि चोरटे जुगार सोडून इकडे यावं. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. वाट केरळनं आधीच पाडली होती. तिथे १९६७मध्ये अर्थमंत्री पी. के. कुंजू यांनी राज्याची लॉटरी सुरू केली, एक रुपयाचं तिकीट आणि पहिलं बक्षीस पन्नास हजार. पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ला झाली.

आमच्या घरात यावरून मोठा वाद झाला. तो मी ऐकला नाही, माझा जन्म व्हायचा होता. पण आजी तो इतक्या वेळा सांगे की मला तो पाहिल्यासारखा आठवतो. आजोबा म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षक. ते म्हणाले, ‘‘मटकेवाल्याला पकडायचं आणि आपण तिकीट विकायचं, हे सरकारला शोभत नाही. भाऊ, तुम्ही यात पडू नका.’’ भाऊआजोबांनी नुकताच विक्रीचा परवाना मिळवला होता. ते म्हणाले, ‘‘भावोजी, मटक्यात कागद नाही. माणूस नाही म्हणाला की संपलं, कुठे दाद मागणार? इथे कागद आहे. आणि कागदाला पाठ आहे.’’

हा फरक कायद्यातही होता. राज्य सरकारची किंवा सरकारनं मंजूर केलेली लॉटरी सोडली, तर दुसरी कुठलीही लॉटरी चालवणं गुन्हा होता. म्हणजे तिकिटावरची राज्याची मुद्रा हीच त्या कागदाची पत.

मला पैशाचा हिशेब भाऊआजोबांनी नाण्यांनी शिकवला. दुपारी गर्दी ओसरली की दहा पैशांची दहा नाणी टेबलावर मांडायचे. ‘‘हा एक रुपया. हा माणसानं मला दिला. आता बघ तो कुठे जातो.’’ मग नाणी सरकवायचे. सगळ्यात मोठा ढीग बक्षिसांचा. मग विक्रेत्याचा, म्हणजे त्यांचा आणि त्यांच्या वरच्या एजंटाचा. मग छपाई, जाहिरात, सोडतीचा खर्च. उरलं ते सरकारचं. कुठल्या ढिगात किती नाणी, हे सोडतीगणिक बदलायचं; पण ढीग तेच राहायचे. मी एकदा विचारलं, ‘‘म्हणजे बक्षीस सरकार देतं ना?’’ त्यांनी सगळी नाणी परत गोळा करून माझ्या पुढ्यात ठेवली. ‘‘यातलं सरकारचं नाणं कुठलं, दाखव.’’

मला दाखवता आलं नाही. दहाही नाणी तिकीट घेणाऱ्याची होती. ज्याला लागलं त्याचं बक्षीस, भाऊआजोबांचं कमिशन, सरकारचा नफा, सगळं ज्यांना लागलं नाही त्यांच्याकडून आलेलं. पुढे कॉमर्सला गेल्यावर मी पुष्कळ ताळेबंद पाहिले, पण पैशाचा उगम इतका स्वच्छ कुणी दाखवला नाही.

आकड्यांचंही तसंच. तिकिटावर आधी मालिकेचं अक्षर, मग क्रमांक. पहिलं बक्षीस अक्षर आणि पूर्ण क्रमांक जुळला तरच. लहान बक्षिसं मात्र बहुधा शेवटच्या चार अंकांवर. चार अंकांचे दहा हजार प्रकार होतात. म्हणून एक चार-अंकी क्रमांक काढला की दर दहा हजार तिकिटांत एकाला बक्षीस. सोडतीत असे वीस क्रमांक काढले तर दहा हजारांत वीस. ‘‘आणि उरलेले?’’ भाऊआजोबा विचारायचे. मी म्हणायचो, ‘‘नऊ हजार नऊशे ऐंशी.’’ ‘‘ते लक्षात ठेव. ती माणसं सोडतीच्या दुसऱ्या दिवशीही याच पुलाखालून जातात.’’

ते एकदा सोडत बघायला गेले होते. ओळीनं मांडलेली फिरती चक्रं, प्रत्येकावर शून्य ते नऊ, समोर पंच बसलेले, लोकांना बसायला खुर्च्या. चक्रं थांबली की आकडा मोठ्यानं वाचायचे, लिहून घ्यायचे, पंच सही करायचे. सोडत सरकारनं स्वतःच, राज्याच्या हद्दीतच, लोकांसमोर काढायची, यात भाऊआजोबांना फार समाधान होतं. आता महाराष्ट्राच्या लॉटरीचं कार्यालय वाशीला आहे आणि मोठ्या बक्षिसांची मागणी तिथेच करावी लागते.

माझगावची मावशी लालबागच्या बाजारात मासे विकायची. तिचं नाव मी लिहीत नाही. आम्हा मुलांना ती नुसती ‘माझगावची मावशी’ होती. दर सोमवारी एक तिकीट. लिहिता-वाचता येत नसे, म्हणून भाऊआजोबांनी पाठ वाचून दाखवल्याशिवाय ती हलत नसे. ‘‘वाच रे भाऊ, मना काय वाचाया येत नाय,’’ म्हणून टोपली खाली ठेवून उभी राहायची. पाठ ऐकणारं हे त्यांचं एकमेव मोठं गिऱ्हाईक. १९८०च्या उन्हाळ्यात तिला पंचवीस हजारांचं बक्षीस लागलं. मी टेबलापाशी होतो. भाऊआजोबांनी वर्तमानपत्रातला निकाल तिच्या तिकिटाशी तीनदा ताडून पाहिला, मग मला पाहायला लावलं, आणि सगळ्यात आधी शाईची डबी आणून तिकिटाच्या पाठीवर तिचा अंगठा घेतला. नाव, पत्ता मी लिहिला. हात थरथरत होता.

तिकीट ज्याच्या हातात, तो मालक. पाठीवर नाव नसेल तर हरवलेलं तिकीट सापडणाऱ्याचं होऊ शकतं. म्हणून आधी अंगठा. छोटी बक्षिसं विक्रेता आपल्या गल्ल्यातून देई आणि तिकीट पुढे जमा करून पैसे वळते करून घेई. मोठ्या रकमेसाठी मूळ तिकीट, मागणीअर्ज, ओळख पटवणारे कागद, फोटो, हे सगळं घेऊन सरकारी कार्यालयात जावं लागे. तिकीट खरं आहे का, छपाईच्या खुणा जुळतात का, हे तपासल्यावरच रक्कम मिळे. भाऊआजोबा टेबल बंद ठेवून तिच्याबरोबर गेले. एकदा नाही, चार वेळा.

आणि हातात आले ते पंचवीस हजार नव्हते. आयकर कापून आले.

भाऊआजोबांनी तिला हे आधीच सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि मोजणं वेगळं. सुरुवातीच्या वर्षांत लॉटरीच्या बक्षिसावर कर नसे. ते अवचित हाती आलेलं धन धरलं जाई. १९७२च्या वित्त कायद्यानं लॉटरीची कमाई उत्पन्नाच्या व्याख्येत आली आणि कर आधीच कापून बक्षीस देण्याची रीत सुरू झाली. त्यामुळे भाऊआजोबांच्या गोष्टींत विजेत्यांचे दोन काळ होते, बहात्तरच्या आधीचे आणि बहात्तरच्या नंतरचे. आज बक्षिसावर सरळ ३० टक्के, त्यावर उपकर, रक्कम फार मोठी असेल तर अधिभारही. जन्मभर घेतलेल्या, न लागलेल्या तिकिटांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. मला हे न्याय्य वाटत नाही. व्यापाऱ्याला मालाची खरेदी वजा करायची मुभा आहे. वर्षानुवर्षं दर सोमवारी तिकीट घेणाऱ्या बाईला नाही.

भाऊआजोबा गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, २०२२मध्ये, केरळच्या ओणम बंपरचं २५ कोटींचं पहिलं बक्षीस तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षावाल्याला लागलं. तिकीट ५०० रुपयांचं. मी पेपर बाजूला ठेवला आणि नाणी मांडली. केरळात तिकीट विकणाऱ्या एजंटाचा १० टक्के वाटा बक्षिसातूनच जातो, तेव्हा अडीच कोटी गेले. उरलेल्या साडेबावीस कोटींवर ३० टक्के, म्हणजे पावणेसात कोटी. हातात पंधरा कोटी पंच्याहत्तर लाख, आणि अधिभार त्यानं नंतर स्वतः भरायचा. काही दिवसांतच मदत मागणाऱ्यांनी त्याचं घर गाठलं आणि त्याला तिथे राहणं मुश्कील झालं. पहिलं बक्षीस लागायला नको होतं, असं तो वार्ताहरांना म्हणाला. भाऊआजोबांनी त्याच्या तिकिटाची पाठ त्याला वाचून दाखवली असती, असं मला फार वाटलं.

आता तर तिकीट विकतानाच आणखी एक ढीग वेगळा काढावा लागतो. लॉटरीवर मार्च २०२०पासून सरसकट २८ टक्के जीएसटी आला, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला. हा कर तिकिटाच्या किमतीतच धरलेला असतो. १०० रुपयांच्या तिकिटात आधी जवळपास २२ रुपये जायचे, आता साडेअठ्ठावीस रुपये जातात. बक्षिसाची रक्कम वगळून उरलेल्यावरच कर घ्यावा, असा दावा सर्वोच्च न्यायालयात झाला होता. २०२०च्या डिसेंबरमध्ये न्यायालयानं तो मानला नाही. म्हणजे तिकिटाच्या पूर्ण किमतीवर कर, आणि त्यातूनच आलेलं बक्षीस हातात पडताना पुन्हा कर. दहा नाण्यांतली तीन जवळजवळ तिथेच संपली.

भाऊआजोबांच्या आयुष्यातली एक गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली. ते आजारी होते, कोकणात गावी गेले होते, आणि अंगणात बसून एकदम बोलायला लागले.

१९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. टेबलावरची गिऱ्हाइकं पैसा मोजून बघायला लागली. त्याच काळात बाहेरच्या राज्यांची तिकिटं मुंबईत भरभरून येत होती. ती बंद करण्याचा महाराष्ट्र सरकारचा प्रयत्न १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. मग एका अंकाची लॉटरी आली. शून्य ते नऊ, एकच अंक, सोडती भराभर. मटकाच तो, फक्त छापलेला. भाऊआजोबांनी ती तिकिटं टेबलावर लावली. संपानंतर घर चालवायचं होतं. शेजारच्या चाळीतला एक मुलगा, बापाची नोकरी गेलेली, हमाली करून मिळवलेले पैसे घेऊन दिवसातून चार-चार वेळा टेबलावर यायला लागला. एका संध्याकाळी तो आला आणि त्यानं बहिणीची पैंजणं पुढे केली. भाऊआजोबांनी त्याला परत पाठवलं, आणि त्याच रात्री एका अंकाची सगळी तिकिटं एजंटाकडे नेऊन टाकली. पण त्याआधी आठ महिने त्यांनी ती विकली होती.

‘‘भावोजी म्हणाले होते तेच खरं झालं,’’ ते मला म्हणाले. ‘‘त्या तिकिटाला पण पाठ होती. मीच ती वाचली नाही.’’

१९९८चा लॉटरी नियमन कायदा आला तेव्हा भाऊआजोबा हयात नव्हते. त्या कायद्यानं एका अंकावर किंवा आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर बक्षीस द्यायला मनाई केली. एका लॉटरीची आठवड्याला एकाहून जास्त सोडत नाही, वर्षाला सहाच बंपर, तिकिटं सरकारनंच छापायची, दुसऱ्या राज्याची तिकिटं बंद करण्याचा अधिकार प्रत्येक राज्याला. मी तो कायदा वाचत गेलो आणि प्रत्येक कलमाशी मला पुलाखालचं ते टेबल दिसत गेलं. त्यातली दोन कलमं मात्र मला त्यांना वाचून दाखवायची होती. विक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात जमा करायचा, हे एक. आणि मुदतीत कुणी मागितलं नाही ते बक्षीस सरकारचं होतं, हे दुसरं. त्यांच्या टेबलावरून गेलेल्या कितीतरी लहान बक्षिसांची मागणी झालीच नसेल. तिकीट धोतराच्या सोग्यात धुतलं गेलं, चुलीत गेलं, गावी राहिलं.

तिजोरीत पोचलेल्या पैशाचं पुढे काय झालं, हे तिकीट घेणाऱ्याला कळायला हवं, असं माझं ठाम मत आहे. केरळनं त्याबाबत एक पाऊल टाकलं. के. एम. मणी अर्थमंत्री असताना ‘कारुण्य’ नावाची लॉटरी निघाली आणि तिचा पैसा गरिबांच्या कर्करोग, हृदय, मूत्रपिंडाच्या उपचारांना लावायचं ठरलं. तिथे न लागलेलं तिकीट हातात घेऊन माणूस निदान एवढं म्हणू शकतो की माझा पैसा कुणाच्या तरी डायलिसिसला गेला. आपल्या तिकिटांच्या पाठीवर बक्षिसांचा तक्ता असतो. तिथेच, त्याच मुंगीएवढ्या अक्षरांत का होईना, गेल्या वर्षीच्या विक्रीतले किती रुपये बक्षिसांना गेले, किती विक्रेत्यांना, किती राज्याला उरले आणि त्यांतून कुठला दवाखाना, कुठली शाळा उभी राहिली, हे छापावं.

हे नवीन मागणं नाही. कलकत्त्यात १८१७मध्ये लॉटरी कमिटी नेमली गेली आणि लॉटरीच्या पैशातून तिथले रस्ते बांधले गेले. लोकांना ते डोळ्यांनी दिसले. आणि आपल्या मुंबईत, फोर्टातला टाऊन हॉल. १८११मध्ये सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी ती कल्पना मांडली, पैसा उभा करायला लॉटरी काढली, तो पुरला नाही, मग सरकारनं भर घातली, आणि कर्नल थॉमस काउपर यांनी आखलेली ती इमारत १८३३मध्ये पुरी झाली. आज तिथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. मी त्या पायऱ्यांवर पुष्कळदा बसलो आहे. दोनशे वर्षांपूर्वी कुणाला तरी बक्षीस लागलं, ते त्यानं खर्चून टाकलं असेल. ज्यांना लागलं नाही त्यांचा पैसा त्या पायऱ्यांमध्ये आहे, अजून.

माझगावच्या मावशीला कर कापून जे मिळालं, त्यातून तिनं आधी सावकाराचं दिलं आणि मग मुलाला होडीत भागीदारी घेऊन दिली. पैसे आले त्या संध्याकाळी ती टेबलाशी आली आणि भाऊआजोबांना म्हणाली, ‘‘तू म्हनतोस बक्षिसाचे पैसे सरकारचे नाय, ज्याला लागला नाय त्याचे. मंग माज्याबरोबर तिकीट कोन कोन घेतला, सांग.’’

भाऊआजोबा म्हणाले, ‘‘लाखो लोकांनी घेतलं, बाई. मी कुणाकुणाची नावं सांगू?’’

‘‘तुज्याकडनं घेतला तेवड्यांची सांग.’’

त्यांनी आठवून आठवून तेवीस नावं सांगितली. आमच्या आजोबांचं त्यात नव्हतं. त्यांनी जन्मात तिकीट घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी टोपली घेऊन निघाली आणि तेवीस घरांत सुरमईच्या दोन-दोन तुकड्या देऊन आली. चोविसाव्या तिनं आजीच्या हातात ठेवल्या. आजी म्हणाली, ‘‘अगो, आमच्याकडे कोणी घेत नाही तिकीट.’’ मावशी म्हणाली, ‘‘पोरानं माजा पत्ता लिवला ना.’’

आजोबा दारातच उभे होते. त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, ‘‘जा, कोपऱ्यावरून दोन नारळ घेऊन ये.’’